दगडावरचे नाव

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वर देवळाच्या दारावर एक लहानसा शिलालेख आहे. शके १५९०, म्हणजे इ.स. १६६८, महिना कार्तिक, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाच्या कामाला प्रारंभ झाला, एवढेच तो सांगतो. कदंबांचे हे दैवत मूळचे नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथले देऊळ पाडल्यावर लिंग नार्व्याला आले आणि पुढे शतकभराने त्याला पुन्हा नीट छप्पर मिळाले. मधल्या काळात राज्ये गेली, बोलीभाषा बदलल्या, अलीकडे देवळाचा जीर्णोद्धारही झाला. पण कोणी, केव्हा आणि काय केले हे कुणाला विचारत फिरावे लागत नाही, कारण ते दगडावर आहे. असाच एक दगड ग्रीसमधल्या ऑलिम्पियात सापडला. वजन १४३.५ किलो, काळ ख्रिस्तपूर्व सहावे शतक. बायबॉन नावाच्या माणसाने मला एका हाताने डोक्यावरून पलीकडे नेले, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. थेरा बेटावरच्या, ज्याला आज सांतोरिनी म्हणतात, ४८० किलोच्या दगडावर युमास्तास या माणसाने तो जमिनीवरून उचलल्याची नोंद आहे. या दोन्ही दगडांचा विशेष असा, की जे वजन उचलले तेच वजन साक्षीदार म्हणून उभे राहिले. दगड तोलून बघता येतो, मजकूर वाचता येतो आणि दावा खरा वाटतो की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

आजच्या ऑलिम्पिक भारोत्तोलनाकडे, ज्याला आपण सर्रास वेटलिफ्टिंग म्हणतो, या दोन दगडांच्या शेजारी ठेवून पाहिले तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. क्रीडाविश्वात याच्याइतका आकड्यांवर उभा असलेला दुसरा खेळ सापडणे कठीण. तिथे सौंदर्याचे गुण नाहीत, वाऱ्याची मदत नाही, प्रतिस्पर्ध्याचा अडथळा नाही; लोखंडाच्या चकत्या, तीन पंच आणि पांढरे किंवा लाल दिवे, एवढाच कारभार. त्यामुळे असे वाटते की या खेळाला स्मरणाची वेगळी गरजच नाही, कोष्टक ठेवले की इतिहास आपोआप जपला जातो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या खेळाने आपली कोष्टके स्वतःच्या हाताने वारंवार पुसली आहेत आणि म्हणून नुसत्या किलोंवर विसंबून ज्यांना आठवायचे ठरवले ते सगळ्यात आधी विसरले गेले, पुढेही जातील. विजेत्याला ओळखायचे असेल तर त्याच्या वेळचे नियम, त्याचा वजनगट, त्याची तालीम आणि त्याचा गुरू हे सगळे एकत्र नोंदवावे लागते. यातली सर्वांत ठळक उदाहरणे आपल्या मराठी मुलुखातलीच आहेत.

आधी खेळाच्या नियमांची कथा पाहू. १८९६ मध्ये अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिम्पिक भरले तेव्हा भारोत्तोलनात वजनगटच नव्हते. पन्नास किलोचा माणूस आणि शंभर किलोचा माणूस एकाच रांगेत. प्रकार दोन: एका हाताने आणि दोन हातांनी. दोन हातांच्या प्रकारात डेन्मार्कचा विगो येन्सेन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले. पंचांनी येन्सेनची उचल अधिक नेटकी होती म्हणून त्याला पहिला ठरवले. एका हाताच्या प्रकारात मात्र एलियटने ७१ किलो उचलून येन्सेनला मागे टाकले आणि तो ब्रिटनचा पहिला ऑलिम्पिक विजेता झाला. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण हा एलियट १८७४ मध्ये जन्मला तो मुंबई इलाख्यात. त्याचे वडील इथल्या इंग्रजी राजवटीत अधिकारी होते आणि त्याचे बालपण हिंदुस्थानात गेले. १९३० मध्ये मेलबर्नला तो वारला. आज त्याचे ७१ किलो कोणत्या यादीत बसवायचे? एका हाताची उचल ऑलिम्पिकमधून केव्हाच गेली. तुलना करायला दुसरा कोणी उरलेला नाही. आकडा शिल्लक आहे, पण त्याच्या भोवतीची चौकट गेल्यामुळे तो मुका झाला आहे.

पुढे १९०४ मध्ये हा खेळ पुन्हा दिसला, मग गायब झाला आणि १९२० पासून वजनगटांसह स्थिरावला. १९२८ पासून दोन हातांच्या तीन उचली मोजल्या जाऊ लागल्या: प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. स्नॅचमध्ये दांडा जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, उठून उभे राहायचे आणि मग वर फेकायचा. प्रेसमध्ये खांद्यावर घेतलेला दांडा पायांचा झटका न देता, केवळ हातांच्या आणि खांद्यांच्या जोरावर वर ढकलायचा. कागदावर सोपे वाटणारे हे काम पंचांना मात्र अवघड गेले. लिफ्टर कमरेतून मागे कलू लागले, इतके की उभ्याने केलेली उचल जवळजवळ आडवी होऊ लागली. कोणाचे कलणे चालते आणि कोणाचे नाही यावर एकमत होईना, पाठीच्या दुखापतींची भीतीही होती. अखेर १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर प्रेस काढून टाकण्यात आली. त्याचा परिणाम पाहा. म्युनिकला सोव्हिएत संघाचा वासिली अलेक्सेयेव्ह ६४० किलो एकूण उचलून जिंकला. चार वर्षांनी माँट्रियलला तोच माणूस ४४० किलोवर जिंकला. २०२१ मध्ये जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे याने ताश्कंदला ४९२ किलोचा विश्वविक्रम केला. नियम ठाऊक नसलेला वाचक हे तीन आकडे एकाखाली एक पाहील तर त्याला वाटेल की अलेक्सेयेव्ह चार वर्षांत खचला आणि आजचे लिफ्टर पन्नास वर्षांपूर्वीच्यांहून कमजोर आहेत. दोन्ही समज साफ चुकीचे. ६४० मध्ये २३५ किलोची प्रेस आहे. ती वजा केली तर ४०५ उरतात.

नियमांबरोबर शरीराची रीतही बदलली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की लिफ्टर वजन वर नेतो. खरे तर तो दांडा छाती-पोटाच्या दरम्यान कुठेतरी पोहोचेपर्यंतच ओढतो आणि मग विजेच्या वेगाने स्वतः त्याच्याखाली शिरतो. जुने लिफ्टर एक पाय पुढे, एक मागे टाकून खाली जात. आता सगळे खोल बैठकीत जातात, कारण बैठकीत शरीर अधिक खाली जाते आणि दांडा तितका कमी उंच ओढावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर ओढताना दांडा मांड्यांना लागला तरी उचल बाद होई. १९६० च्या दशकात तो नियम सैल झाला आणि मांडीच्या धक्क्याने दांड्याला मिळणारा वेग कायदेशीर झाला. म्हणजे १९३६ मध्ये बर्लिनला ७५ किलो गटात ३८७.५ किलो उचलून, वरच्या गटातल्या विजेत्यालाही १५ किलोंनी मागे टाकणारा इजिप्तचा खद्र अल तौनी आजच्या लिफ्टरहून वेगळ्या शरीरशास्त्राने खेळत होता. त्याचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवणे म्हणजे लाकडी नांगराने केलेली नांगरट ट्रॅक्टरच्या नांगरटीशी एकरांच्या हिशेबात मोजण्यासारखे आहे.

पण सर्वांत मोठा खोडरबर वजनगटांचा. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९३ मध्ये सगळे गट बदलले, १९९८ मध्ये पुन्हा बदलले, २०१८ मध्ये पुन्हा आणि २०२५ च्या जूनपासून आणखी एकदा. दर वेळी जुने विश्वविक्रम इतिहासजमा झाले आणि नव्या गटांची पाटी कोरी झाली. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू याने १९८८ मध्ये सेऊलला ६० किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलले, आपल्या देहाच्या तिपटीहून जास्त. तो गटच १९९३ मध्ये गेला. ज्या माणसाचे नाव बल्गेरियाच्या सरकारने आधी सक्तीने बदलले होते, ज्याने १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेनंतर पळून जाऊन आपले नाव परत मिळवले, त्याच्या विक्रमाचा रकानाही पुढे खेळानेच बंद केला. गट बदलण्यामागे कारणे होती: उत्तेजक द्रव्यांच्या काळातले फुगलेले विक्रम मागे टाकणे, ऑलिम्पिकमधल्या मर्यादित जागांत खेळ बसवणे, महिलांना समान गट देणे. ही कारणे मी खोटी म्हणत नाही. त्यांची किंमत मात्र नोंदली पाहिजे, आणि ती किंमत आपल्याकडे कोणी चुकवली हे पाहिले की मुद्दा डोळ्यांसमोर उभा राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातले कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, नरसोबाच्या वाडीला लागून असलेले छोटे गाव, एकेकाळचे पटवर्धनांचे संस्थान. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या एका गावाच्या तीन मुलांनी भारोत्तोलनात कांस्यपदके मिळवली. गणेश माळी, ५६ किलो गट, एकूण २४४ किलो. ओंकार ओतारी, ६९ किलो गट, २९६ किलो. चंद्रकांत माळी, ९४ किलो गट, ३३८ किलो. तिघेही प्रदीप पाटील यांच्या हर्क्युलस जिमचे. ग्लासगोनंतर चार वर्षांनी, २०१८ मध्ये, हे तिन्ही गट एकदम रद्द झाले. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असे २४८ किलो उचलून रौप्य मिळवले. त्या स्पर्धेतले भारताचे ते पहिले पदक. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचा हात दुखावला, तरी तो पुन्हा मंचावर आला आणि सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. २०२५ मध्ये वरिष्ठ पुरुषांचा सर्वांत हलका गट ६० किलोचा झाला. संकेतचा ५५ किलो गट आता नाही. त्याच २०२२ च्या मे महिन्यात वडगाव मावळची हर्षदा गरुड ग्रीसमध्ये हेराक्लिओनला ४५ किलो गटात १५३ किलो उचलून कनिष्ठ जागतिक विजेती झाली, हे यश मिळवणारी पहिली भारतीय. महिलांचा सर्वांत हलका गट २०२५ मध्ये ४८ किलोचा झाला. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या आत मराठी लिफ्टरांच्या पाच मोठ्या पदकांचे पाचही रकाने बंद झाले. त्यातला ९४ चा आकडा पुरुषांच्या यादीत २०२५ मध्ये परतला, पण परतला तो नव्या पाटीवर. उद्याचा अभ्यासक ५५ किलो गटाचा चालू विक्रम शोधेल तर त्याला काही सापडणार नाही, आणि संकेत सरगरने नेमके काय केले हे त्याला कोष्टकातून कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सगळे निकाल संगणकात साठवलेले आहेत, गट रद्द झाला म्हणून निकाल नाहीसा होत नाही. खरे आहे, निकाल नाहीसा होत नाही. पण निकाल असणे आणि तो वाचता येणे यात फरक आहे. मोडी लिपीतली कागदपत्रे दफ्तरखान्यात गठ्ठ्यांनी आहेत. ती वाचणारा नसेल तर त्यांचा उपयोग वाळवीला. ६४० आणि ४४० या दोन आकड्यांचे उदाहरण वर दिलेच. कोणी म्हणेल, तुलना करायला गणिती सूत्र आहे. आहे, कॅनडाच्या रॉय सिंक्लेअर यांच्या नावाने ओळखले जाणारे गुणांक वापरून वेगवेगळ्या देहवजनांच्या लिफ्टरांची एकमेकांशी तुलना करतात आणि ते सूत्र हुशारीचे आहे. पण त्या गुणांकांचा पाया त्या त्या काळच्या सर्वोच्च कामगिऱ्यांवर बेतलेला असतो आणि दर ऑलिम्पिक चक्राला तो नव्याने काढतात. म्हणजे मोजपट्टीच दर चार वर्षांनी बदलते. एका काळातल्या दोघांना तोलण्यासाठी ते उपयोगी. एलियट आणि संकेत यांना एका तराजूत घालण्याचे काम त्याचे नाही, आणि ते करायलाही नको. दोघांना समजून घ्यायला त्यांची त्यांची परिस्थिती लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हा खेळ उत्तेजकांनी पोखरलेला आहे. मग ज्या विजेत्यांवर विश्वास ठेवता येत नाही त्यांचे स्मरण कशासाठी? पोखरलेला आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. महासंघाचे माजी प्रमुख तमाश आयान यांच्या कारभाराच्या चौकशीचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक कोटीहून अधिक डॉलरांचा हिशेब लागला नाही आणि उत्तेजक चाचण्यांची प्रकरणे दडपल्याचे समोर आले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधला पुरुषांचा ९४ किलो गट तर अभ्यासाचा विषय आहे. जुने नमुने पुन्हा तपासल्यावर पहिले तिघे आणि त्यांच्या मागचे आणखी काही बाद झाले. इराणचा सईद मोहम्मदपूर, जो मूळ पाचवा होता, सुवर्णाचा मानकरी झाला. आठव्या क्रमांकाच्या कोरियन लिफ्टरला रौप्य आणि नवव्या क्रमांकाच्या पोलिश लिफ्टरला कांस्य गेले. कॅनडाच्या क्रिस्टीन जिरार्डचे २०१२ चे कांस्य कित्येक वर्षांनी सुवर्ण झाले आणि २००८ मधला तिचा चौथा क्रमांक कांस्य झाला. राष्ट्रगीत वाजले ते दुसऱ्याचे, पोडियमवर उभे राहिले ते दुसरे. माझ्या मते हा आक्षेप स्मरणाच्या विरुद्ध जात नाही, तो स्मरण अधिक काटेकोर करायला लावतो. जिथे फसवणूक मोठी तिथे प्रामाणिक माणसाची नोंद जास्त जपावी लागते, नाहीतर सगळेच एका काळ्या रंगात रंगतात आणि निर्दोष माणसाची दुसऱ्यांदा फसवणूक होते. जिरार्डला न्याय मिळाला तो जुने नमुने कोणीतरी जपून ठेवले होते म्हणूनच.

तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा. कुस्ती आपली, मल्लखांब आपला. लोखंडी दांड्याचा हा खेळ परक्यांचा, त्याच्या पूर्वसूरींशी आपले काय नाते? नाते आहे आणि ते हातात धरून दाखवता येते. आपल्या तालमींत दगडी नाल असतो, मुठीत धरून उचलायचा. अनेक गावांत मारुतीच्या देवळापुढे गोल दगडी गोटी असते. ती छातीपर्यंत, खांद्यापर्यंत किंवा खांद्यावरून पाठीमागे टाकणे ही गावच्या तरुणांची परीक्षा. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा सुमारे ४२ किलोचा खंडा एका हाताने पेलून धरण्याची आणि दातांत उचलण्याची स्पर्धा होते, ती आजही. एलियटची एका हाताची उचल आठवा. अथेन्सच्या मैदानातला तो प्रकार आणि जेजुरीच्या गडावरचा हा प्रकार एकमेकांपासून फार लांब नाहीत. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्याच ऑलिम्पिकमध्ये खद्र अल तौनी जिंकला आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नावाने पहिला भारोत्तोलक उतरला. तो होता झॉ वेक, ब्रह्मदेशाचा, कारण ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्या राज्यकारभारात होता. पुढच्याच वर्षी तो वेगळा झाला आणि भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक लिफ्टरचे नाव भारतीयांच्या आठवणीतून सहज निसटले. कोणाचे म्हणून त्याला आठवायचे हेच ठरेना.

गोटीच्या गोष्टीत मात्र एक उणीव आहे आणि ती माझ्या म्हणण्याला पुष्टी देते. ऑलिम्पियाच्या दगडावर बायबॉनचे नाव आहे. आपल्या गोट्यांवर नावे नाहीत. कोणी उचलली, केव्हा उचलली, हे गावच्या बोलण्यात दोन पिढ्या राहते आणि मग पारावरच्या म्हाताऱ्यांबरोबर जाते. आपल्याकडे नोंदीची बुद्धी नव्हती असे नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. जगात त्या काळी फार थोड्या भाषांजवळ असा ग्रंथ होता. पद्धती आणि साधने जपण्यात आपण पुढे होतो, माणसे जपण्यात मागे राहिलो. खाशाबा जाधव यांच्याबाबत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारा गोळेश्वरचा हा मल्ल १९८४ मध्ये अपघातात गेला, अर्जुन पुरस्कार त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी आला आणि त्याचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडा दिन व्हायला आणखी दोन दशके लागली. कुस्तीसारख्या घरच्या खेळात ही गत, तर भारोत्तोलनात काय अपेक्षा ठेवायची?

इथे कोणी म्हणू शकेल की राष्ट्रकुलातले कांस्य म्हणजे काही ऑलिम्पिक नव्हे. चीन नाही, इराण नाही, तिथल्या पदकांसाठी शिलालेख कशाला? हा मुद्दा रास्त आहे आणि मी पदकांची प्रत फुगवून सांगणार नाही. भारोत्तोलनात भारताची ऑलिम्पिक पदके दोनच. सिडनीला २००० मध्ये, जेव्हा महिलांचे भारोत्तोलन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले, करनम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्य मिळवले. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही २४२.५ वर गेली होती. टोकियोला मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२ किलोवर रौप्य. महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा लिफ्टर अजून त्या पोडियमवर चढलेला नाही. पण स्मरण ही बक्षिसाची दुसरी फेरी नव्हे, की ज्यात पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा लावायचा. तीन मुले एका लहान गावातून, एका खोलीतून, एका गुरूच्या हाताखालून एकाच स्पर्धेत पदके घेऊन येतात, ही घटना पदकाच्या धातूपेक्षा जास्त सांगते. ती कशी घडली हे समजून घेणे हा ज्ञानाचा विषय आहे.

आणि इथेच तालीम व गुरू यांची नोंद आकड्याहून महत्त्वाची ठरते. मराठी भारोत्तोलनाचा नकाशा काढला तर तो मोठ्या शहरांचा निघत नाही. कुरुंदवाड आणि सांगली कृष्णाकाठची, एकमेकांपासून तासाभराच्या आतली. वडगाव मावळ पुण्याच्या बाहेरचे. मनमाड हे रेल्वेचे जंक्शन, जिथल्या जय भवानी व्यायामशाळेतून आकांक्षा व्यवहारे २०२२ मध्ये मेक्सिकोत युवा जागतिक स्पर्धेचे ४० किलो गटातले रौप्य घेऊन आली. या ठिकाणांना जोडणारी गोष्ट सरकारी योजना नसून दीर्घकाळ एका जागी टिकलेला प्रशिक्षक ही आहे. कृष्णाकाठाबद्दल माझा तर्क असा, की कुस्तीने तिथली जमीन आधीच तयार केली होती: पहाटे उठून शेकड्यांनी बैठका मारणे ही वेडेपणाची गोष्ट नाही हे घरच्यांना पटलेले, खुराकावर खर्च करायची तयारी, गुरूच्या शब्दाबाहेर न जाण्याची सवय. खोल बैठकीतून जड वजन घेऊन उठणे हा क्लीन अँड जर्कचा गाभा आणि बैठक हा आखाड्याचा रोजचा श्वास. तर्क चुकीचा ठरू शकतो. पण तो तपासायचा असेल तर कोणत्या वर्षी कोण कोणाकडे शिकले, आठवड्यात किती दिवस, कोणत्या साधनांवर, घरी काय व्यवसाय होता, हे लिहिलेले हवे. ते आज लिहिले नाही तर तीस वर्षांनी नुसता २४४ हा आकडा उरेल आणि त्यातून कोणालाही काही शिकता येणार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: स्मरणाने पदके वाढतात का? वाढतात असा दावा मी करत नाही, कारण तसे सिद्ध करणारे काही माझ्याजवळ नाही. नार्व्याच्या शिलालेखानेही दुसरी देवळे बांधली गेली असे कोणी म्हणत नाही. तो लेख तिथे आहे तो घडलेल्या गोष्टीचा मान म्हणून आणि पुढच्या माणसाला खात्रीने बोलता यावे म्हणून. गोव्याला २०२३ मध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरली, महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह पहिला क्रमांक घेतला, यजमान गोव्याने ९२ पदके मिळवली. त्या पदकांच्या मागे कोणती गावे, कोणत्या व्यायामशाळा, कोणते प्रशिक्षक होते, हे गोळा करण्याची वेळ ही आहे, लोक हयात आहेत तोवरची. पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने हे काम हाती घेतले तर त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एका माणसाला एक पान पुरते.

ते पान कसे असावे याचा नमुना बायबॉनच्या दगडाने घालून दिलेला आहे, फक्त त्यात आपल्या काळाची भर घालायला हवी. गणेश माळी, राहणार कुरुंदवाड, तालुका शिरोळ. गुरू प्रदीप पाटील, हर्क्युलस जिम. ग्लासगो, २०१४, राष्ट्रकुल स्पर्धा, तिसरा क्रमांक. गट ५६ किलोचा, जो १९९३ मध्ये रद्द झाला, १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा रद्द झाला. उचली दोन: स्नॅच १११, क्लीन अँड जर्क १३३. त्या वेळी प्रेस नव्हती.